हेराल्ड आणि लालबागचे उस्ताद

साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या रस्त्यांवर मोटार म्हणजे अ‍ॅम्बॅसिडर, नाहीतर फियाट. तिसरं नाव घेणारे थोडे होते, पण जे घेत ते प्रेमाने घेत. ते नाव म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. अ‍ॅम्बॅसिडर कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची, फियाट मुंबईतल्या कुर्ल्याची, तशी हेराल्ड मद्रासची. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ साली ती बाजारात आणली. मूळची ती इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची. तिथे ट्रायम्फ हेराल्ड या नावाने ती १९५९ साली जन्माला आली. रूप मात्र इटालियन, ट्युरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीच्या हातचं. याच हेराल्डचा सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. पुढचं सस्पेन्शन, मागचा झोका घेणारा अ‍ॅक्सल, स्टिअरिंग, इंजिनाचं घराणं, सगळं तेच. स्पिटफायर आपल्याकडे कधी बनली नाही आणि परदेशी गाडी मागवणं पगारदार माणसाच्या विचारातही येत नसे. तेव्हा स्पोर्ट्स कारचं रक्त अंगात असलेली आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गाडी त्या काळच्या हिंदुस्थानात हीच. आमची हेराल्ड लखनौला, माणकनगरच्या रेल्वे कॉलनीत, क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाखाली उभी असे.

बाबा मूळचे पुण्याचे. नोकरी आरडीएसओत, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि आरेखनाच्या त्या मोठ्या कचेरीत. १९५७ साली ही संस्था उभी राहिली आणि देशभरातले अभियंते लखनौला येऊन वसले. त्यांत आपली मराठी मंडळीही बरीच होती. बाबांचं काम डब्यांच्या बोगीचं. स्प्रिंगा, डॅम्पर, चाकांवर वजन कसं पडतं, वळणावर डबा किती कलतो, यातच त्यांचा दिवस जायचा. शहर सोडून जाणाऱ्या एका डॉक्टरांची मार्क टू हेराल्ड विकायची आहे असं कळल्यावर ते बघायला गेले आणि थेट गाडीखाली शिरले. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी देशात दुसरी बनत नव्हती. तेवढ्यावरच त्यांचं मन बसलं. कचेरीतले सगळे सांगत होते की अ‍ॅम्बॅसिडर घ्या, गावातला लोहारही दुरुस्त करील. बाबांनी ऐकून घेतलं आणि घरी आणली हेराल्डच.

आकड्यांत पाहिलं तर ही गाडी आज कोणाला स्पोर्टी वाटणार नाही. ९४८ सीसीचं इंजिन, पस्तीसच्या आसपास अश्वशक्ती, पळवली तर ताशी सत्तर मैल. पण वजन जेमतेम आठशे किलो, बसायची जागा जमिनीलगत आणि स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचं, इतकं नेमकं की रस्त्यातला खडा हाताला कळावा. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे फियाटच्या जोडीने हेराल्डही उतरायची. शिवाय हिचं वळण पंचवीस फुटांचं, लंडनच्या टॅक्सीइतकं. अमीनाबादच्या गर्दीत, जिथे रिक्षावाल्यालाही उतरून रिक्षा उचलून फिरवावी लागे, तिथे बाबा एका दमात गाडी फिरवत आणि दुकानांच्या फळ्यांवर बसलेले लोक ‘वाह साहब’ म्हणत. पुढची चाकं इतकी तिरकी व्हायची की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी मोडलं असंच वाटे.

एवढी गुणी गाडी ठेवायची म्हणजे तिची नीट सेवा करावी लागते. मला आज लिहायचं आहे ते त्या सेवेबद्दल, आणि ज्यांनी ती आमच्याकडून करवून घेतली त्या उस्तादांबद्दल.

लालबाग म्हटलं की मराठी वाचकाला गणपती आणि गिरणगाव आठवेल. लखनौचं लालबाग हजरतगंजला लागून आहे आणि गेली कित्येक दशकं ते मोटारींचं ठाणं आहे. सुट्या भागांची दुकानं, सीटकव्हरवाले, बॅटरीवाले, डेंटर-पेंटर, आणि बोळांच्या आत मिस्त्र्यांच्या पथाऱ्या. तिथून कैसरबाग हाकेच्या अंतरावर. कैसरबागेत भातखंडे संगीत महाविद्यालय. विष्णू नारायण भातखंड्यांनी १९२६ साली सुरू केलेलं ते मॅरिस कॉलेज. श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं आणि १९६६ साली त्याला भातखंड्यांचं नाव मिळालं. आई संध्याकाळी तिथे गाणं शिकायला जायची. तिला सोडलं की बाबा आणि मी लालबागेत उस्तादांकडे. तिचा वर्ग सुटेपर्यंतचा वेळ आमचा. लहानपणीचा माझा यमन हा असा वंगणाच्या वासासकट मनात राहिला आहे, आणि मला ते फार आवडतं.

उस्तादांचं दुकान म्हणजे एक चिंचेचं झाड, त्याखाली पत्र्याची पेटी आणि दोन शागिर्द. त्यांचं काम इंग्रजांच्या गाड्यांवर सुरू झालेलं. अवधच्या तालुकदारांकडे मॉरिस, एमजी, ऑस्टिन असत, त्यांवर आधी उस्तादांचे वडील काम करत आणि मग ते. लखनवी माणूस, कुर्त्याच्या बाह्या दुमडून काम करणार, आणि गाडीला कधी ‘इसका’, ‘इसको’ म्हणणार नाहीत, ‘इनका’, ‘इनको’ असंच बोलणार.

हेराल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं. मडगार्ड, दिवे, जाळी, सगळं तोंडच्या तोंड पुढे कलंडतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं. मग पुढच्या टायरवर आरामात बसून काम करता येतं. उस्ताद एका टायरवर, मी दुसऱ्या. लालबागच्या बोळात बॉनेट उलटलं की दहा-पंधरा माणसं जमायचीच. ‘बिटिया, हाथ लगाके देखो,’ असं म्हणत उस्ताद मला पंख्याचा पट्टा किती दबतो ते दाखवत, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट घासायला देत. कॉलनीतल्या काही काकवांना ते पसंत नव्हतं. बाबांना होतं.

पहिल्याच तपासणीत उस्तादांनी पुढची चाकं जॅकवर घेतली, एक एक चाक हाताने पूर्ण वळवून पाहिलं आणि मान हलवली. ‘साहब, इनको किसी ने ग्रीस खिला दी है. ये तेल पीती हैं.’

हेराल्डच्या दुखण्यांत सगळ्यांत धोक्याचं दुखणं हेच. पुढचं चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर वळतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ब्राँझच्या एका कप्प्यात फिरतात. तो कप्पा म्हणजे ट्रनियन. स्टिअरिंग फिरवलं की आटे त्या कप्प्यात किंचित वर-खाली होतात. तिथे गिअरचं जाड तेल, नव्वद नंबरचं, घालायचं असतं. कंपनीची तशी सूचनाच होती. पण बहुतेक मिस्त्री बाकी सगळ्या सांध्यांना ग्रीस मारतात तसं इथेही मारत. ग्रीस आट्यांच्या शेवटापर्यंत पोचत नाही, सुकून घट्ट होतं, तेलाची वाट बुजवतं. मग पावसाचं पाणी शिरतं, गंज धरतो, सांधा जड होतो, आणि एके दिवशी स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना दांडा आट्यांपाशी तुटतो. चाक गाडीखाली दुमडतं. बहुधा हे कमी वेगात, गाडी लावताना होतं म्हणून माणसं वाचतात. हमरस्त्यावर झालं तर वाचणं कठीण.

आमच्या डाव्या चाकाच्या दांड्याचे आटे उस्तादांनी रॉकेलने धुऊन मला दाखवले. खालचे दोन-तीन आटे झिजून धारदार झाले होते आणि एका जागी केसासारखी रेघ. ‘ये बाल है,’ ते म्हणाले. तडा. त्या दिवशी आम्ही रिक्षाने घरी गेलो आणि गाडी लालबागेत राहिली.

तो भाग लखनौत मिळेना. अ‍ॅम्बॅसिडरचा वाटेल तो भाग लाटूश रोडवर हात लांबवला की मिळे. हेराल्डचं तसं नव्हतं. शेवटी बाबांना मद्रास आठवलं. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत त्यांचे एक स्नेही होते, कामानिमित्त पत्रव्यवहार नेहमीचा. त्यांनी जनरल पॅटर्स रोडवरच्या दुकानांत फिरून दोन्ही बाजूंचे नवे दांडे आणि ट्रनियन घेतले, लाकडी खोक्यात भुसा भरून रेल्वे पार्सलने चारबागला पाठवले. पार्सल ऑफिसात खोकं उघडून बघताना बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला आजही स्पष्ट दिसतं. किंमत बरीच झाली, घरच्या एका महिन्याच्या किराण्याहून जास्त. एरवी जुन्या गाडीला एक बाजू बदलून भागवायची पद्धत. बाबांनी आणि उस्तादांनी दोन्ही बाजू बदलल्या आणि त्यावर कधी चर्चा झाली नाही.

उस्तादांच्या पेटीत दोन ग्रीसगनी असत. एकीच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली. तिच्यात ग्रीस कधीच भरलं जात नसे, फक्त गिअर ऑइल. आमची गाडी आली की शागिर्दाला न सांगता लाल चिंधीची गन बाहेर यायची. ट्रनियनचा छोटा बोल्ट काढायचा, तिथे निपल बसवायचं, आणि वरच्या बाजूने ताजं तेल पाझरेपर्यंत दाबत राहायचं. खर्च चहाच्या दोन पेल्यांचा. हेच काम वेळेवर झालं नव्हतं म्हणून मद्रासहून खोकं मागवावं लागलं. जुन्या गाडीच्या खर्चाबद्दल मला जे काही कळलं ते इथे कळलं. तिचा मोठा खर्च नेहमी कोणीतरी न केलेल्या छोट्या खर्चातून येतो.

दुसरं दुखणं इंजिनाच्या पोटातलं. क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असतात. क्लच दाबला की सगळा दाब त्यांच्यावर येतो. ते झिजता झिजता पातळ होतात आणि एक दिवस निसटून खाली तेलाच्या तबकात पडतात. मग क्रँक इंजिनाच्या ओतीव ब्लॉकलाच घासायला लागतो. वॉशर किरकोळ किमतीचे. ब्लॉक गेला तर इंजिन गेलं. याची परीक्षा साधी आहे आणि ती घेण्यात माझा वाटा असे. मी आत बसून क्लच दाबायचा आणि सोडायचा, उस्ताद पुढे पुलीवर बोट ठेवून बसायचे. पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर धोका. सरकण्याची मुभा इंचाच्या काही हजाराव्या भागांचीच, आणि उस्तादांचं बोट ती ओळखायचं. पुढे बाबांनी कचेरीतून डायल गेज आणून मोजलं, तेव्हा उस्तादांचा अंदाज बरोबर निघाला. दोघेही खूश.

या वॉशरांपायी आमच्या घरात एक शिस्त आली. माणकनगरला रेल्वे फाटकं, मालगाड्या लांबच लांब. फाटक पडलं की बाबा लगेच गाडी न्यूट्रलला टाकत आणि पाय क्लचवरून काढत. दादा गाडी शिकला तेव्हा पहिला धडा हाच होता. मी आजही सिग्नलला क्लच दाबून उभी राहत नाही, गाडी कोणतीही असो.

मागच्या अ‍ॅक्सलबद्दल बाबा तासन् तास बोलू शकत. हेराल्डच्या मागच्या प्रत्येक चाकाचा अर्धा अ‍ॅक्सल मधल्या डिफरन्शिअलपाशी एका क्रॉसवर लटकलेला असतो आणि वर आडवा पाटा, दोन्ही चाकांना मिळून एकच. उंचवट्यावर एक चाक उचललं तरी दुसऱ्याला कळत नाही, म्हणून खराब रस्त्यावरही गाडी मऊ चालते. पण वेगात वळणावर शिरून घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर गाडीचं शेपूट उचललं जातं, बाहेरचं चाक आत दुमडू बघतं आणि गाडी फिरते. इंग्लंडात यावर पुष्कळ लिहिलं गेलं. हजरतगंजमध्ये मेफेअरच्या इमारतीत ब्रिटिश कौन्सिलचं वाचनालय होतं, तिथे बाबा मोटारींची मासिकं वाचत बसत आणि रविवारी येऊन आम्हाला कागदावर बाण काढून समजावत. नियम त्यांचा ठरलेला: वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात पाय हलका पण कायम ठेवायचा. स्पिटफायर चालवणाऱ्यालाही हेच शिकावं लागतं, कारण अ‍ॅक्सल तोच.

पाटा जुना झाला की बसतो. मग मागची चाकं खाली फाकतात, टायर आतल्या कडेने झिजतात. तेरा इंची टायर दुकानात हमखास मिळतील असे ते दिवस नव्हते, त्यामुळे टायर झिजणं हा मोठाच घोर. यावर लखनौत इलाज होता. कमानीवाले. ट्रकच्या कमानी तापवून, ठोकून, पुन्हा चढवणारे लोक. उस्तादांनी आमचा पाटा काढून कमानीवाल्याकडे नेला आणि भट्टीपाशी स्वतः उभे राहिले, कारण ट्रकच्या हिशेबाने चढवला असता तर गाडी मागून मांजरीसारखी पाठ उंचावून उभी राहिली असती. पानं सुटी करून गंज खरवडला, मध्ये ग्राफाइट लावलं, नवे बोल्ट घातले. परत बसवल्यावर बाबांनी रिकाम्या गाडीची उंची मोजली, मग आम्हा सगळ्यांना बसवून मोजली.

त्याच पाट्यावर आम्ही बिठूरला गेलो. दिवाळीच्या सुट्टीत, चिवडा-दशम्या घेऊन, कानपूर रोडने. लखनौच्या मराठी कुटुंबांसाठी बिठूर म्हणजे आपल्या इतिहासाचं सगळ्यांत जवळचं गाव. १८१८ साली पेशवाई गेल्यावर दुसरे बाजीराव तिथे येऊन राहिले. नानासाहेब तिथेच वाढले, तात्या टोपेही तिथेच, आणि मणिकर्णिकेचं बालपण त्याच घाटांवर गेलं. उन्नावच्या अलीकडे रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा. मागे आम्ही भावंडं आणि डिकीत सामान, त्यामुळे चाकं जमिनीला घट्ट धरून होती. भार असला की हा अ‍ॅक्सल उलट चांगला वागतो. बाबांनी तेव्हा गाडी जशी चालवली तशी पुन्हा कधी चालवलेली मला आठवत नाही. गंगेचा पूल ओलांडेपर्यंत कोणी बोललं नाही, मग आई म्हणाली, ‘हळू म्हणणार होते, पण छान वाटत होतं.’

लखनौचा उन्हाळा मात्र गाडीची परीक्षा बघायचा. मे महिन्यात लू सुटली की पारा पंचेचाळिसाला जातो. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून, त्यामुळे नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर दुपारी बंद पडायची. यात बिघाड काही नसतो. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं, की चालू. आमच्या गाडीत एक सुरई आणि एक जुना पंचा उन्हाळाभर असेच. आमच्या गाडीला पाण्याच्या तापमानाचा काटा नव्हता. तो उस्तादांनी भंगारातल्या एका गाडीचा आणून बसवला आणि बाबांनी त्या दिवशी त्यांना जेवायला घरी बोलावलं. इतर मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देत, म्हणजे गाडी तापायला नको. उस्ताद उन्हाळ्यात काढत आणि नोव्हेंबरात आठवणीने परत बसवत. जानेवारीच्या धुक्यात थंड इंजिन तासभर चोकवर पळवलं तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, हे त्यांनी मला समजावलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. पुढे इंजिनिअरिंगला हेच पुस्तकात वाचलं.

आईच्या हिशेबाच्या वहीत ‘गाडी’ असं एक वेगळं पान असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचा भाव झपाट्याने वाढला आणि लिटरला बारा किलोमीटर देणारी हेराल्डसुद्धा आठवड्यातून दोनदाच निघू लागली. पण त्या पानावर पेट्रोल सोडलं तर नोंदी बहुतेक बारीक असत. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, पंख्याचा पट्टा, ब्रेकची रबरं, अ‍ॅक्सलचे क्रॉस, स्टिअरिंगच्या रॅकखालची रबरं. यांतलं काही बाजारात मिळायचं, काही लाटूश रोडचा खरादवाला बनवून द्यायचा. मोठे आकडे क्वचित, आणि प्रत्येक मोठ्या आकड्यामागे आधीच्या कोणाच्या तरी हयगयीची गोष्ट असे. आईने त्या पानाबद्दल कधी तक्रार केली नाही. संध्याकाळी कैसरबागेतून तंबोऱ्यांच्या आवाजातून बाहेर पडून आपल्या गाडीत बसणं तिलाही आवडायचं, आणि ती तसं म्हणायची.

गंजाचं प्रकरण वेगळं. हेराल्डच्या काळात बाकी गाड्या एकसंध पत्र्याच्या होऊ लागल्या होत्या, हिला मात्र खाली वेगळा सांगाडा. त्याला एक कारण घडलं. १९५३ साली फिशर अँड लडलो ही मोटारींच्या बॉडी बनवणारी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली आणि ट्रायम्फला पूर्ण बॉडी बनवून द्यायला कोणी राहिलं नाही. म्हणून त्यांनी गाडी अशी आखली की तिचे तुकडे वेगवेगळ्या कारखान्यांत बनवून बोल्टांनी जोडता यावेत. आपल्याकडे मद्रासला ती जुळवणं सोपं गेलं ते त्यामुळेच. मालकाला याचा फायदाही होता आणि जाचही. फायदा असा की एखादा भाग सडला तर तेवढाच काढून बदलता येतो. जाच असा की प्रत्येक जोडातून पाणी शिरतं, पावसात पायाशी ओल येते, आणि सांगाड्याचे बाहेर आलेले हात आतून कुजतात. वरून रंग चकचकीत आणि खाली पोलादाची पोळी, अशा कितीतरी हेराल्ड मी पुढे पाहिल्या. उस्ताद दर पावसाळ्याच्या आधी सांगाड्याच्या पोकळीत जुनं इंजिन ऑइल फवारायचे आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायचे. आमची गाडी खालून कोरडी राहिली.

मद्रासच्या कंपनीने १९६८ साली चार दारांची मार्क थ्री काढली. पुढे १९७२ साली गॅझेल आली आणि तिच्यात झोक्याचा अ‍ॅक्सल काढून साधा अखंड अ‍ॅक्सल घातला. बाजाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचं असेल. मला मात्र वाटतं की गाडीचा जीव त्या दिवशी गेला. सत्तरचं दशक सरता सरता स्टँडर्डच्या मोटारी बनणं थांबलं. १९८५ ला स्टँडर्ड २००० नावाची मोठी गाडी आली, ती टिकली नाही आणि कंपनीचं दार बंद झालं. त्याच्या आधीच, १९८३ च्या डिसेंबरात, मारुती आली होती. लालबागच्या दुकानांतून हेराल्डच्या भागांचे खोके हळूहळू मागच्या फळीवर गेले, मग माळ्यावर.

बाबा निवृत्त होऊन पुण्याला परत निघाले तेव्हा गाडीला चांगला भाव देणारी माणसं आली होती. बाबांनी ती उस्तादांच्या मोठ्या शागिर्दाला दिली, नाममात्र पैशांत, एका अटीवर की लाल चिंधीची गन तिच्यासाठी वेगळीच राहील. उस्ताद तेव्हा थकले होते, हात कापायचा, पण कागदावर सही करताना म्हणाले, ‘साहब, बेटी विदा हो रही है, मगर मोहल्ले में ही.’ बाबांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

आज हेराल्ड विकत घ्यायला निघालेली तरुण मुलं मला भेटतात. पुण्यात, मुंबईत, नागपुरातही. त्यांना रंग दिसतो, उलटणारं बॉनेट दिसतं, फोटो काढता येतो. त्यांना मी सांगते, आधी खाली झोपा. सांगाड्याचे हात स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. क्लच दाबायला एकाला बसवा आणि पुलीवर नजर ठेवा. मागची चाकं कशी उभी आहेत ते बघा, टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. भाग मिळतात, ट्रायम्फच्या चाहत्यांमुळे इंग्लंडात आजही हेराल्ड-स्पिटफायरचे बहुतेक भाग नव्याने बनतात आणि मागवता येतात. अडचण आता हातांची आहे. बोटाने इंचाचे हजारावे भाग ओळखणारी माणसं लालबागेत होती, कुर्ल्यात होती, मद्रासच्या पुदुपेटमध्ये होती. त्यांतली जी थोडी उरली आहेत त्यांच्या शेजारी एखादी सुट्टी टायरवर बसून काढा, विचारा, लिहून ठेवा, आणि त्यांच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या.

आणि ज्यांच्या अंगणात, शेडमध्ये, आजोबांच्या मागे राहिलेली एखादी हेराल्ड ताडपत्रीखाली उभी असेल त्यांना कळकळीची विनंती: ती भंगारात देऊ नका. विकायची तर जाणत्याला विका. आणि चालू करण्याआधी पुढचे दोन्ही ट्रनियन उघडून त्यांत नव्वद नंबरचं गिअर ऑइल घाला. ग्रीस नको.